मास्तरकी सोडून बिशप झालेले डेस्मंड टुटू : तो राजीनामा बरोबर होता का?

खडूफळा
मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतेय. जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं काढली, आता रिटायर झालेय आणि वाचायला वेळ मिळतोय, तर गोऱ्यांच्या वर्णभेदी राजवटीशी लढलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या डेस्मंड टुटूंबद्दल मिळेल ते वाचत सुटलेय. आपल्याला ते माहीत असतात जांभळ्या झग्यातले, नोबेलवाले, खळखळून हसणारे बिशप म्हणून. मला मात्र त्यांच्या सुरुवातीच्या तीन-चार वर्षांनी धरून ठेवलंय, कारण तेव्हा ते मास्तर होते.

वडील झकराया मिशनच्या प्राथमिक शाळेत हेडमास्तर, आई अलेटा लोकांच्या घरी काम करणारी. पोराला डॉक्टर व्हायचं होतं, मेडिकलला प्रवेशही मिळाला पण फीचे पैसे नाहीत. मग वडिलांचीच वाट धरली. प्रिटोरियाच्या बांटू (तिथलं गोरं सरकार काळ्यांसाठी हा शब्द वापरायचं) नॉर्मल कॉलेजात १९५१ ते ५३ शिक्षकाचा डिप्लोमा, जोडीला पत्राद्वारे बीए, १९५४ ला जोहान्सबर्गच्या हायस्कुलात नोकरी आणि पुढच्या वर्षी क्रूगर्सडॉर्पच्या काळ्यांच्या वस्तीत, मन्सीव्हिलला. त्याच वर्षी लेआंशी लग्न, त्याही शिक्षिका.

आणि याच काळात १९५३ चा बांटू एज्युकेशन कायदा लागू होत होता. काळ्या मुलांचं शिक्षण मिशनऱ्यांकडून काढून सरकारच्या 'नेटिव्ह' खात्याकडे, अभ्यासक्रम वेगळा आणि मुद्दाम खालचा. त्या खात्याचे मंत्री फेरवूर्ट उघड बोलले होते की ठराविक मोलमजुरीच्या वर या लोकांना गोऱ्यांच्या समाजात जागा नाही, मग काळ्या पोराला गणित शिकवून करायचंय काय. टुटू नवराबायकोंनी ठरवलं, हे आपल्या हातून शिकवणं होणार नाही. १९५७ ला दोघांनीही मास्तरकी सोडली.

माझा प्रश्न सरळ आहे. तत्त्व म्हणून बरोबरच, पण वर्गात बसलेल्या पोरांचं काय? चांगला मास्तर गेला तर त्या जागी कोण येणार? मी स्वतः असते तर सोडलं नसतं असं वाटतं, आणि तसं वाटतंय याचा त्रासही होतोय.

रानवारा
धागा आवडला ताई. हे शिक्षक होते हेच मला माहीत नव्हतं. पुढे बिशप कसे झाले तेही लिहा ना, मास्तर ते बिशप ही उडी मोठी वाटते.

नगरी_पाव्हणा
रानवारा, उडी अजिबात मोठी नाही. आम्ही नगरचे, सीएनआय म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळीतले. माझे आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि गावात पाळक नसेल त्या रविवारी उपासनाही तेच चालवायचे. खेड्यात मास्तर आणि धर्मशिक्षक हा एकच माणूस असायचा. सकाळी बाराखडी, संध्याकाळी प्रार्थना. त्यातूनच पुढे बरेच जण दीक्षा घेऊन पाळक झाले.

टुटूंचं चर्च अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतलं. त्या पद्धतीत तीन पायऱ्या असतात. आधी डीकन, मग प्रीस्ट म्हणजे आपला पाळक, आणि त्यावर बिशप. बिशपकडे एक अख्खी डायोसिस म्हणजे धर्मप्रांत असतो, त्यातल्या सगळ्या मंडळ्यांची जबाबदारी त्याची. आपल्याकडे मुंबईची अँग्लिकन डायोसिस १८३७ ची आणि नाशिकची १९२९ ची. पुढे २९ नोव्हेंबर १९७० ला अँग्लिकन धरून सहा मंडळ्या एक झाल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यामुळे आमच्याकडे आता 'अँग्लिकन' हा शब्द जुन्या माणसांच्याच तोंडी राहिलाय, पण बिशप, डायोसिस, सिनड (चर्चचा कारभार बघणारी सभा) हे सगळं तसंच चालू आहे.

टुटू १९६० ला डीकन झाले, १९६१ ला प्रीस्ट. म्हणजे राजीनाम्यानंतर तीन-चार वर्षांतच.

खडूफळा
धन्यवाद पाव्हणं. आणि एक गंमत. पुढे लोक त्यांना विचारायचे की देवाची हाक आली वगैरे का, तर ते प्रामाणिकपणे सांगायचे की तसं काही मोठं झालं नाही, शिक्षकी गेली, लोकांच्या उपयोगी पडायचं होतं आणि चर्च घेत असेल तर तो एक मार्ग दिसला. मला हे फार आवडलं. इतका मोठा माणूस, पण आपल्या निर्णयाला नंतर सोन्याचा मुलामा दिला नाही.

शुश्रूषा
मी क्षयरोगाच्या वॉर्डात बारा वर्षं नर्स होते म्हणून मला एक गोष्ट सांगायचीच आहे. टुटूंना शाळेत असताना टीबी झाला होता, १९४७ च्या सुमाराला, आणि जवळपास दीड वर्षं ते सॅनेटोरियममधे होते. लहानपणी पोलिओ होऊन उजवा हात अधू झालेला, त्यात हे. खोकताना रक्त पडायला लागलं की तिथली माणसं फारशी वाचत नाहीत हे त्या पोराने डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि एक दिवस त्याच्या स्वतःच्या थुंकीत रक्त आलं.

त्या काळात एक गोरा पाद्री, फादर ट्रेव्हर हडलस्टन, दर आठवड्याला त्याला भेटायला यायचा, पुस्तकं घेऊन यायचा. दीड वर्षं. टीबीच्या पेशंटकडे सख्खे नातेवाईक कसे दारातूनच डबा ठेवून जातात ते मी पाहिलंय. एक बाई होत्या, मुलगा रोज यायचा पण खिडकीच्या बाहेर उभा राहायचा, आणि त्या रोज त्याच्यासाठी केस विंचरून बसायच्या. त्यामुळे खाटेशेजारी बसणारा माणूस म्हणजे काय असतं हे मला कळतं. ताई, टुटू शाळा सोडून चर्चमधेच का गेले याचं उत्तर मला तरी त्या खाटेपाशी सापडतं.

पिंपळपान
शुश्रूषाताई, केस विंचरून बसायच्या... वाचून थांबलो जरा.

आगगाडी
हडलस्टनचं नाव निघालंच आहे तर टोपीची गोष्ट आलीच पाहिजे.
डेस्मंड लहान असताना आईबरोबर उभा होता. आई एका अंधांच्या संस्थेत स्वयंपाकाचं काम करायची. समोरून लांब काळा झगा आणि मोठी टोपी घातलेला उंच गोरा पाद्री आला आणि जाता जाता त्याने आईला टोपी काढून नमस्कार केला. बस्स, एवढंच. पण त्या देशात गोऱ्या माणसाने कामवाल्या काळ्या बाईला टोपी काढून मान देणं ही न पाहिलेली गोष्ट होती, आणि पोराच्या डोक्यात ती कायमची बसली. तो पाद्री म्हणजे हडलस्टन हे त्याला नंतर कळलं.

अजून एक. लंडनला १९६२ ला किंग्ज कॉलेजात शिकायला गेले, तेव्हा नवराबायको रस्ता माहीत असूनही पोलिसाला पत्ता विचारायचे. का, तर तो गोरा पोलिस 'सर', 'मॅडम' म्हणून उत्तर द्यायचा! मायदेशात पोलिस दिसला की खिशातला पास (काळ्यांना कायम जवळ ठेवावा लागणारा परवाना) चाचपायची सवय, आणि इथे हा 'सर' म्हणतोय. टुटू ही गोष्ट हसत हसत सांगायचे, मला ती ऐकून हसू येत नाही.

रानवारा
मला दोन्ही आलं, हसू पण आणि ते दुसरं पण.

चिंतामणी
मी जरा विरोधी सूर लावतो. ताईंचा प्रश्न टोपी-पोलिसात वाहून जातोय.

शिक्षक म्हणून एका माणसाने बाहेर पडणं सोपं असतं कारण त्याला दुसरी वाट आहे. टुटूंकडे बीए होतं, चर्चची ओळख होती. पोरांकडे काय होतं? गरिबाच्या पोराला वाईट अभ्यासक्रम चांगल्या मास्तरकडून मिळाला तर तो निम्मा तरी चांगला होतो. माझ्या गावच्या शाळेत पुस्तकं फाटकी होती, मास्तर सोन्यासारखे होते, म्हणून मी आज इथे लिहितोय. ते 'सिस्टीम वाईट आहे' म्हणून निघून गेले असते तर?

नगरी_पाव्हणा
चिंतामणी, मुद्दा जोरदार आहे, आणि नेमकी हीच भांडणं तेव्हा चर्चमधेही झाली. सरकारने मिशन शाळांचं अनुदान तोडलं आणि दोनच पर्याय ठेवले, शाळा आमच्या ताब्यात द्या नाहीतर स्वतःच्या पैशावर चालवा. बहुतेक मंडळ्यांनी शाळा देऊन टाकल्या, 'वाईट शिक्षण पण काहीच नाही त्यापेक्षा बरं' हा त्यांचा विचार. जोहान्सबर्गचे अँग्लिकन बिशप अँब्रोज रीव्ह्ज यांनी मात्र सांगितलं की शाळा देणार नाही, बंद करू. हडलस्टनच्या धर्मसंघाची रोझेटनव्हिलची सेंट पीटर्स ही तर काळ्या मुलांसाठी नावाजलेली शाळा, तीही बंद केली. दोन्हीकडे देवभीरू माणसंच होती आणि दोघांनाही रात्री झोप लागली नसणार.

आजोबांच्या शाळेला कुलूप लागलं असतं तर गावातल्या किती पोरांची पाटी फुटली असती हे मला माहीत आहे, त्यामुळे मी तरी रीव्ह्जना चटकन बरोबर म्हणू शकत नाही.

जोबर्गकर
नमस्कार, नऊ वर्षं जोहान्सबर्गला आहे, मूळ गाव चिपळूण. धागा वाचून राहवलं नाही.

बांटू एज्युकेशन म्हणजे नुसता 'खालचा अभ्यासक्रम' नव्हता, पैशाचाच हिशोब बघा. १९७५-७६ ला एका गोऱ्या मुलामागे सरकार वर्षाला ६४४ रँड (तिथलं चलन) खर्च करायचं, भारतीय वंशाच्या मुलामागे १८९, 'कलर्ड' म्हणजे मिश्र वंशाच्या मुलामागे १३९ आणि काळ्या मुलामागे ४२. माझ्या ऑफिसातले एक सहकारी त्या शाळांमधे शिकलेत, ते सांगतात की एकाच खोलीत सकाळी एक शाळा आणि दुपारी दुसरी, बाई मात्र एकच, आणि दुपारपर्यंत बाईंचा आवाज गेलेला असायचा. चिंतामणी, चांगला मास्तर असला तरी दोन पाळ्या करून त्याच्यात किती उरणार?

आणि एक गोष्ट मराठी माणसाला टोचणारी आहे. तिथे खालच्या वर्गांत मातृभाषेतूनच शिकवायची सक्ती होती.

खडूफळा
थांबा थांबा, मातृभाषेतून शिकवणं यात वाईट काय? मी आयुष्यभर हेच सांगत आलेय की पोराला त्याच्या भाषेतून शिकवा!

जोबर्गकर
ताई, तुम्ही म्हणता ते पोराला वर न्यायला. तिथे हेतू उलटा होता. झुलू, सोथो, त्स्वाना असे गट वेगळे ठेवायचे आणि नोकरी-कोर्टाची जी भाषा तिच्यापासून पोरांना लांब ठेवायचं. त्यामुळे तिथल्या जुन्या माणसांना अजूनही 'मातृभाषेतून शाळा' म्हटलं की फसवणूक वाटते. चांगली गोष्ट वाईट हाताने दिली की पुढच्या दोन पिढ्या त्या गोष्टीलाच घाबरतात.

त्यानंतर १९७४ ला सरकारने आणखी पुढचं पाऊल टाकलं, वरच्या वर्गांत निम्मे विषय आफ्रिकान्स या गोऱ्या राज्यकर्त्यांच्या भाषेतून, आणि त्यात गणितही आलं. मास्तरांनाच ती भाषा धड येत नव्हती. त्यावरूनच १६ जून १९७६ ला सोवेटो या जोहान्सबर्गजवळच्या काळ्यांच्या वस्तीतली शाळकरी पोरं रस्त्यावर आली आणि पोलिसांनी गोळ्या घातल्या. हेक्टर पीटरसन बारा वर्षांचा होता.

पिंपळपान
म्हणजे टुटूंनी १९५७ ला जे पाहून शाळा सोडली त्याचाच स्फोट १९७६ ला झाला.

जोबर्गकर
हो, आणि तेव्हा टुटू तिथेच होते! १९७५ ला ते जोहान्सबर्गच्या कॅथेड्रलचे (बिशपच्या मुख्य चर्चचे) डीन म्हणजे प्रमुख पाळक झाले, त्या जागेवर पहिलेच काळे. डीनचं घर गोऱ्यांच्या भागात होतं, ते नाकारून सोवेटोत ऑर्लंडो वेस्टला विलकाझी स्ट्रीटवर राहायला गेले. ६ मे १९७६ ला त्यांनी पंतप्रधान फोर्स्टर यांना पत्र लिहून बजावलं की लोकांचा संयम संपत आलाय, काहीतरी भयानक होईल. सहा आठवड्यांनी गोळीबार झाला.

विलकाझी स्ट्रीटवर मी आईला घेऊन गेलो होतो. मंडेलांचं घर म्युझियम झालंय, तिकीट काढून आत जाता येतं. टुटूंचं घर त्याच रस्त्यावर, पण ते खासगी आहे, बाहेरूनच बघायचं. आई त्या भिंतीसमोर चप्पल काढून उभी राहिली. मी म्हटलं आई हे देऊळ नाही, तर म्हणाली मास्तरांचं घर आहे ना. माझे आजोबा मास्तर होते, तिला तेवढंच कळत होतं आणि तेवढं पुरेसं होतं.

अवांतर: केपटाऊनला रत्नागिरी-रायगडकडून गेलेली कोकणी मुसलमान कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, काही घरांत म्हाताऱ्यांच्या बोलण्यात आपले शब्द अजून सापडतात.

शुश्रूषा
आईंना माझा नमस्कार सांगा.

आगगाडी
बिशपपदाचा तपशील कोणी टाकला नाही म्हणून थोडक्यात टाकतो.
१९७६ ला लेसोथोचे बिशप. डोंगराळ देश, गाडी जात नाही तिथे घोड्यावर बसून मंडळ्यांना भेटी द्यायचे. पण दोन वर्षं पण झाली नाहीत तोवर १९७८ ला दक्षिण आफ्रिका कौन्सिल ऑफ चर्चेसचे सरचिटणीस म्हणून परत बोलावलं. १९८४ ला नोबेल, १९८५ ला जोहान्सबर्गचे बिशप, १९८६ ला केपटाऊनचे आर्चबिशप, म्हणजे तिथल्या बिशपांचे प्रमुख. तिथला आर्चबिशपचा बंगला गोऱ्यांच्या भागात, काळ्याने राहायचं तर सरकारची परवानगी लागायची. त्यांनी ती मागितलीच नाही, सरळ राहायला गेले. सोवेटोत असताना गोऱ्यांच्या भागातलं घर नाकारलं आणि इथे हट्टाने राहिले, मला दोन्ही निर्णय एकाच माणसाचे वाटतात. आणि त्याच बंगल्यात मंडेला सुटल्यावर पहिल्या रात्री झोपले, ११ फेब्रुवारी १९९०.

चिंतामणी
माहिती चांगली आहे पण मी माझा मुद्दा सोडत नाही, उलट वाढवतो. ऐंशीच्या दशकात टुटू जगभर फिरून सांगत होते की दक्षिण आफ्रिकेवर आर्थिक निर्बंध घाला. तेव्हाही हाच आक्षेप होता की निर्बंधांनी आधी काळ्या मजुरांच्याच नोकऱ्या जातील. म्हणजे १९५७ चा प्रश्न आणि हा प्रश्न एकच. अन्याय थांबवायचा म्हणून आपल्याच माणसांच्या ताटातलं काढून घ्यायचा हक्क नेत्याला आहे का?

जोबर्गकर
यावर त्यांचं म्हणणं असायचं की आमची माणसं आत्ताही भोगतच आहेत, निर्बंधांनी निदान त्या भोगण्याला शेवट येईल. १९८६ ला अमेरिकेच्या काँग्रेसने अध्यक्ष रीगनचा नकाराधिकार ओलांडून निर्बंधांचा कायदा केला आणि चार वर्षांत मंडेला बाहेर. फक्त निर्बंधांमुळे असं मी म्हणणार नाही, पण त्यांचा वाटा होता हे इथे बहुतेक जण मानतात.

शुश्रूषा
चिंतामणी, फरक एवढाच की टुटू लांब बसून सांगत नव्हता. १९८० ला सरकारने त्याचा पासपोर्ट काढून घेतला, पुढे चर्च कौन्सिलची चौकशी लावली, तरी बोलणं थांबलं नाही. आणि फक्त सरकारशीच भांडला असंही नाही. १९८५ ला दुदुझा या काळ्यांच्या वस्तीत एका अंत्यविधीनंतर जमावाने एका माणसाला पोलिसांचा खबऱ्या म्हणून धरलं, जाळायचीच तयारी होती. टुटू आणि सोबतचे बिशप त्या गर्दीत घुसले आणि त्याला गाडीत घालून वाचवलं. पाच फुटांच्या वर थोडासा माणूस, एक हात अधू. नंतर लोकांना सांगितलं की तुम्ही असंच वागणार असाल तर मी बायकापोरांना घेऊन देश सोडतो. आपल्याच लोकांना असं तोंडावर सांगायला छाती लागते.

नगरी_पाव्हणा
काळ्यांच्या चळवळीचा नेता स्टीव्ह बिको याच्या अंत्यविधीला पण, सप्टेंबर १९७७. पोलिसांच्या कोठडीत मारलेला तीस वर्षांचा तरुण, हजारो लोक चिडलेले, आणि प्रवचनात टुटूंनी गोऱ्या राज्यकर्त्यांसाठी आणि पोलिसांसाठीही प्रार्थना करायला सांगितली. आमच्या पाळकांनी एकदा गुड फ्रायडेला हे सांगितलं होतं, तेव्हा चर्चमधे कोणीतरी मागून म्हणालं 'मला जमणार नाही'. पाळक म्हणाले, मलाही जमलेलं नाही, म्हणून तर सांगतोय.

कायद्याचं_बोला
मी वकील आहे, वर्णभेदाच्या काळातले अत्याचार उघड करायला नेमलेल्या सत्य आणि समेट आयोगाबद्दल लिहितो, कारण टुटू १९९५ ला त्याचे अध्यक्ष झाले आणि माझ्या मते त्यांच्या कामातलं सगळ्यात वादाचं काम हेच.

कल्पना अशी की राजकीय हेतूने केलेला गुन्हा ज्याने पूर्ण आणि खरा सांगितला त्याला माफी मिळू शकते. ७,११२ अर्ज आले, त्यातल्या ५,३९२ जणांना नकार आणि फक्त ८४९ जणांना माफी. म्हणजे 'सगळ्यांना सोडून दिलं' हा जो समज आहे तो आकड्यांत टिकत नाही. पण बिकोच्या घरच्यांनी माफीच्या तरतुदीलाच तिथल्या घटना न्यायालयापुढे आव्हान दिलं, आमचा न्याय मागायचा हक्क काढून घेता येणार नाही म्हणून. ते हरले. मी तो निकाल वाचलाय, कायद्याने पटतो, मनाला पटत नाही. आणि बिकोच्या पोलिसांना आयोगाने माफी नाकारली तरी पुढे त्यांच्यावर खटला झालाच नाही. आयोगाने पुढे पाठवलेल्या तीनशेच्या आसपास प्रकरणांतली अगदी मोजकी कोर्टात गेली. नुकसानभरपाई म्हणून २००३ ला सरकारने ३०,००० रँड एकदाच दिले, आयोगाने सुचवलेल्यापेक्षा खूप कमी. याचं खापर टुटूंवर फोडू नये, सरकारने पाळलं नाही आणि ते स्वतः शेवटपर्यंत सरकारला यावरून सुनावत राहिले.

आयोगाचं कामकाज १९९६ च्या एप्रिलमधे ईस्ट लंडनला सुरू झालं. पहिल्याच दिवसांत व्हीलचेअरवरचा एक जुना कैदी आपल्या छळाचं सांगत होता, सांगता सांगता त्याने हाताने तोंड झाकलं, आणि अध्यक्षांच्या खुर्चीत बसलेले टुटू टेबलावर डोकं टेकवून रडले. माझ्या व्यवसायात आम्हाला शिकवतात की न्यायासनावर चेहरा कोरा ठेवायचा. मी ते चित्रण पाहिलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं की कधीकधी कोराच चेहरा खोटा असतो.

रानवारा
वकीलसाहेब, इतकं स्पष्ट करून लिहिल्याबद्दल आभार. ८४९ चा आकडा मला अगदी उलटा वाटायचा.

आगगाडी
आणि नंतर स्वतःचं सरकार आलं म्हणून गप्प बसले नाहीत हेही लिहा. मंडेलांच्या पक्षाच्या सरकारलाही सुनावलं. बायकांना प्रीस्ट करायला त्यांच्या चर्चने १९९२ ला मान्यता दिली, आर्चबिशप तेच. त्यांची मुलगी म्पो पण प्रीस्ट झाली, पण तिने एका बाईशी लग्न केलं तेव्हा २०१६ ला तिला चर्चचं काम सोडावं लागलं. बापाने आयुष्यभर ज्या चर्चची सेवा केली त्याच चर्चमधे. तरी बाप मुलीच्या बाजूने होता. समलिंगी लोकांचा द्वेष करणाऱ्या देवाची मी पूजा करणार नाही असं त्यांनी आधीच जाहीर सांगितलं होतं.

नगरी_पाव्हणा
या शेवटच्या मुद्द्यावर आमच्या मंडळीत सगळे सहमत नाहीत आणि मीही अजून विचारच करतोय. पण पोरीच्या बाजूने उभा राहणारा बाप म्हणून मला ते समजतात.

कायद्याचं_बोला
अवांतर पण आपल्या उपयोगाचं, भारत सरकारचा २००५ चा गांधी शांतता पुरस्कार त्यांनाच होता.

चिंतामणी
मूळ प्रश्नावर परत येतो. दोन दिवस विचार केला. माझा मुद्दा थोडा हलला आहे पण पूर्ण नाही.

हललं ते असं. टुटूंनी शिकवणं सोडलं नाही, सरकारची शाळा सोडली. पुढे १९६७ ला अ‍ॅलिसच्या सेमिनरीत (पाळक घडवणाऱ्या कॉलेजात) शिकवलं, मग १९७० ते ७२ लेसोथोत रोमाच्या विद्यापीठात. १९६८ ला फोर्ट हेअर विद्यापीठात पोरं आंदोलनाला बसली, पोलिस कुत्री घेऊन आले, तेव्हा हे जाऊन पोरांमधे उभे राहिले. म्हणजे १९५७ ला एका वर्गातून उठलेला मास्तर पुढच्या वर्गात गेला.

न हललं ते असं. १९७६ ला सोवेटोत जी पोरं रस्त्यावर आली त्यांना कोणी शिकवलं होतं? टुटूंनी नाही. जे मास्तर राहिले, दोन पाळ्या केल्या, आवाज घालवला, त्यांनी. त्या अभ्यासक्रमात जे छापलं नव्हतं ते कोणीतरी दार लावून हळू आवाजात शिकवलंच असणार, त्याशिवाय पोरांना अन्याय कळत नाही. त्यांना नोबेल नाही, पुतळा नाही.

जोबर्गकर
चिंतामणी, हे मी माझ्या त्या सहकाऱ्यांना इंग्रजीत सांगितलं. ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले त्यांच्या इतिहासाच्या बाई पुस्तकातला धडा वाचून झाला की पुस्तक मिटून टेबलाच्या कडेला ठेवायच्या आणि मग 'आता ऐका' म्हणायच्या. पुस्तक मिटलं की वर्ग गप्प व्हायचा.

पिंपळपान
पुस्तक मिटून ठेवणाऱ्या बाई. हा धागा जपून ठेवतोय.

खडूफळा
सगळ्यांचे मनापासून आभार, मला इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

जोबर्गकरांचा प्रतिसाद वाचून एक सांगते. नोकरीत एका वर्षी वरून दबाव आला होता की पट टिकवायला जी पोरं ऊसतोडीला गेलीत त्यांची हजेरी लावत राहा. कोणी सांगितलं ते लिहीत नाही. मी लावली. दोन महिने रोज सकाळी अकरा नावांपुढे खूण केली आणि ती पोरं तिकडे फडात होती. तेव्हा राजीनामा द्यायचा विचार आला होता, घरात दोन पोरं शिकत होती, दिला नाही. फेब्रुवारीत त्यातली चार परत आली, त्यांना शाळा सुटल्यावर बसवून जमेल तेवढं भरून काढलं. सात आलीच नाहीत. टुटूंचा राजीनामा मला इतका का टोचत होता ते हे लिहितानाच कळलं.

शुश्रूषा
ताई, त्या चौघांना तुम्ही तिथे होतात म्हणून कोणीतरी होतं. सात जणांचं ओझं एकट्या तुमचं नाही, पण तुम्ही ते वाहताय हे दिसतंय.

नगरी_पाव्हणा
ताई, लिहिलंत हे मोठं केलंत. आमच्याकडे प्रभुभोजनाच्या आधी सगळे मिळून कबुली म्हणतात, 'जे करायला हवं होतं ते केलं नाही' असं त्यात येतं. दर रविवारी पाळकही म्हणतो, बिशपही म्हणतो. टुटूंनीही आयुष्यभर हेच म्हटलं असणार.

खडूफळा
आज लिहायचं कारण वेगळं आहे. शनिवारी वाचनालयात पोरांना गोष्ट सांगते मी, पंधरा-वीस असतात. काल टुटूंची सांगितली. स्टेशनवर शेंगदाणे विकणारा मुलगा, आजारपण, टोपी काढणारा पाद्री, मग मास्तर, मग राजीनामा. टोपीची गोष्ट झाल्यावर दोघं पोरं एकमेकांना टोप्या काढून नमस्कार करायला लागली, त्यात पाच मिनिटं गेली. बिशप म्हणजे काय ते पाव्हण्यांनी सांगितलं तसंच सांगितलं. साध्या पाइनच्या लाकडाच्या शवपेटीतून त्यांना नेलं, महागडी पेटी नको असं त्यांनीच सांगून ठेवलं होतं, तेही सांगितलं.

सगळं झाल्यावर चौथीतली एक मुलगी उठली, तिचे आईवडील पण तोडीला जातात, आजीकडे राहते. म्हणाली, 'बाई, ते सर सोडून गेले मग दुसऱ्या दिवशी त्या पोरांच्या वर्गावर कोण आलं?'

मी म्हटलं, जे सर राहिले होते ते आले.

'त्यांचं नाव काय?'

जोबर्गकर, तुमच्या त्या सहकाऱ्यांना विचारा ना, पुस्तक मिटून ठेवणाऱ्या बाईंचं नाव काय होतं. इथे नका टाकू, मला निरोप करा. पुढच्या शनिवारी तिला सांगायचंय.

जोबर्गकर
सोमवारी विचारतो ताई.